फ्रँक्लिन शेगडी : नांव आणि मूळ लेख

शीतप्रदेशांत घर ऊबदार राखण्यास भिंतींतील उघडी आगटी बरी कीं बंद लोखंडी शेगडी बरी, हा वाद जुना आहे. त्याचें एक महत्त्वाचें साधन म्हणजे अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँक्लिन यांनीं इ. स. १७४४ मध्यें फिलाडेल्फिया येथें छापलेली पुस्तिका होय.

पूर्वीं दाराशीं मिळणारें सरपण आतां कांहीं नगरांस सुमारें १०० मैलांवरून आणावें लागतें, असें तींत म्हटलें आहे. उघड्या आगटीची बहुतेक उष्णता धुराड्यावाटे निघून जाते. डच शेगडींत सरपण वाचतें, परंतु अग्नि दिसत नाहीं, आणि तो दिसणें हेंच एक सुख आहे, असा त्यांचा अभिप्राय. म्हणून त्यांनीं समोरून उघडी अशी लोखंडी शेगडी योजिली. तिच्या पाठीशीं हवेची पेटी असे. धूर पेटीवरून जाऊन मागें खालीं उतरे व मग धुराड्यांत शिरे. पेटींत तापलेली बाहेरची हवा खोलींत येई.

चतुर्थांश लांकडांत आपली खोली दुप्पट ऊबदार होते, असें ते लिहितात. हें विधान अर्थात् शोधकाचें स्वतःचें आहे. मागणी वाढावी म्हणूनच पुस्तिका लिहिली, असें आत्मचरित्रांत त्यांनींच नमूद केलें आहे. गव्हर्नरांनीं देऊं केलेला मक्ता आपण नाकारला, हेंही तेथेंच सांगितलें आहे.

पुढें ‘फ्रँक्लिन शेगडी’ या नांवानें विकल्या गेलेल्या अनेक शेगड्यांत ना ती पेटी आहे, ना धुराचा उतरता मार्ग. तेव्हां संग्राहकानें केवळ नांवावर विसंबूं नये. वस्तु मूळ लेखाशीं ताडून पाहावी. त्या लेखावरून एवढें निश्चित दिसतें कीं, ज्यानें सरपणाचा हिशेब मांडला, त्यासही ज्वाला डोळ्यांआड करवली नाहीं.