आभाळातलं रडार आणि आमचा घाट

कापडे परिसरात पावसाचं कौतुक कमी, धास्ती जास्त. जुलै २००५मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ला तळिये गाडलं गेलं. आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गेली.

दोन्ही वर्षी अंतराळात पाऊस मोजणारं रडार फिरत होतं, हे फार कुणाला ठाऊक नसतं.

पहिलं नोव्हेंबर १९९७मध्ये जपानमधून गेलं. उपग्रह अमेरिका-जपानचा, रडार जपानी. वरून लहर सोडायची. थेंबांवर आपटून ती किती वेळाने परतली यावरून थेंबांची उंची आणि किती जोराने परतली यावरून पावसाचा जोर काढायचा. ते उष्ण प्रदेशापुरतंच होतं. फेब्रुवारी २०१४मध्ये दुसरा उपग्रह गेला. त्याचं रडार दोन लहरी वापरतं, म्हणून रिमझिम आणि बर्फही ओळखतं.

मग उपयोग का झाला नाही? ४०० किलोमीटरहून अधिक उंचीवरून जाणारा हा उपग्रह एका गावावर क्षणभरच असतो. शिवाय घाटातला पुष्कळ पाऊस बुटक्या ढगांचा, आणि जमिनीलगतच्या थरात डोंगराचाच प्रतिध्वनी थेंबांचा प्रतिध्वनी गिळतो. समुद्रावर जे रडार चोख, ते सह्याद्रीत चाचपडतं. माझ्या मते म्हणूनच वाडीवाडीत पर्जन्यमापक हवं. २३ जुलै २०२१च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, हे जमिनीवरच्या मापकानेच सांगितलं. तिथूनच सावित्री आमच्याकडे उतरते.