सुहाग्याचं इंग्रजी नाव

'सोने पे सुहागा' हा वाक्प्रचार उर्दूत रोजचा, पण त्यातला सुहागा म्हणजे काय, असं विचारलं की बरेच जण गप्प होतात. सुहागा म्हणजे सोनाराकडचा टाकणखार, सवागी. दागिना जोडताना तो धातूवरचा मळ विरघळवतो आणि जोड पक्का बसतो.

इंग्रजीत त्याला बोरॅक्स म्हणतात. फारसी 'बूरा', अरबी 'बौरक', मग लॅटिन, अशा वाटेने हे नाव तिथे पोचलं. चौदाव्या शतकात चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये चेहऱ्यावरच्या फोडांवरचं औषध म्हणून ते येतं. १८०८ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी यातलं मूलद्रव्य वेगळं केलं. पुढे कार्बनच्या चालीवर त्याचं नाव बोरॉन झालं. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडरही याच घराण्यातली.

कच्च्या बोरॅक्सला मात्र इंग्रजीत निराळा शब्द आहे, टिंकल. तिबेटच्या सरोवरांकाठचा हा खार हिमालय ओलांडून बाजारात येई. 'टिंकल'चं मूळ संस्कृत 'टंकण'. वाटेत तो फारसीत 'तिनकार' झाला. आपला टाकणखारही त्याच टंकणाचा. आणि सुहागा? तो संस्कृत 'सौभाग्य'वरून आलेला.

म्हणजे उर्दूच्या वाक्प्रचारात संस्कृत बसलंय आणि इंग्रजी रसायनशास्त्रात फारसी. व्यापारी, हकीम, सोनार यांनी शब्द घेताना त्याचा धर्म विचारला नाही. मराठीतून फारसी आणि उर्दूतून संस्कृत वेचून काढायला निघालेल्यांनी या चिमूटभर खाराचं काय करायचं, तेवढं सांगावं.