फायबरग्लासची मोटार-बॉडी आणि महाराष्ट्रातील हस्तनिर्मितीची परंपरा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय मोटार उद्योगाचा इतिहास आपल्याकडे बहुतांशी कारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स आणि तिचा कुर्ला येथील कारखाना, स्वातंत्र्योत्तर काळातील परवाना पद्धती, डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० आणि १९९३ मध्ये प्रवासी मोटारींच्या उत्पादनावरील परवान्याचे उठलेले बंधन, या टप्प्यांभोवतीच विवेचन फिरत राहते. कारखान्याच्या बाहेर, घराच्या अंगणात किंवा एखाद्या गॅरेजच्या मागील शेडमध्ये एका माणसाने आपल्या मोटारीसाठी हाताने बनविलेले बंपर, बॉनेट किंवा संपूर्ण अंग या इतिहासात कोठेच बसत नाही. प्रस्तुत लेखात या वगळल्या गेलेल्या निर्मितीचा विचार फायबरग्लास या एका पदार्थाच्या अनुषंगाने केला आहे.

या पदार्थाचीच निवड का, याचे उत्तर त्याच्या अर्थकारणात आहे. पोलादी पत्र्याचे मोटारीचे अंग घडविण्यासाठी अवजड प्रेस आणि प्रत्येक भागासाठी स्वतंत्र डाय लागतात. हा खर्च हजारो मोटारींवर विभागला गेला तरच परवडतो. फायबरग्लाससाठी मात्र एक साचा, ब्रश, रोलर, कात्री आणि भरपूर चिकाटी पुरते. वजन कमी होते म्हणून फायबर वापरतात, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. हाताने थर देऊन केलेल्या फायबरग्लासची घनता पोलादाच्या सुमारे एक-पंचमांश असली, तरी पत्रा पाऊण-एक मिलिमीटर जाडीचा चालतो आणि फायबर सुमारे तीन मिलिमीटर जाड द्यावे लागते. त्यामुळे प्रत्यक्ष बचत साधारणतः एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश एवढीच उरते. फायबरग्लासचा खरा गुण हा की त्याने मोटारीचे अंग घडविण्याचे काम भांडवलदाराकडून कारागिराच्या आवाक्यात आणले.

जागतिक पार्श्वभूमी : नावेपासून मोटारीकडे

काचेचे बारीक तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकात विकसित झाली आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी स्थापन झाली. त्याच सुमारास पॉलिएस्टर रेझिनही तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात या दोहोंच्या संयोगाचा उपयोग प्रामुख्याने विमानांच्या रडारवरील आवरणांसाठी झाला. युद्ध संपल्यावर तो पदार्थ नावा बांधणाऱ्यांच्या हाती आला आणि मोटारीकडे जाण्याचा मार्ग तेथूनच निघाला. कॅलिफोर्नियातील बिल ट्रिट हा मुळात फायबरग्लासच्या नावा बनविणारा कारागीर. १९५० च्या सुमारास त्याने एका लष्करी अधिकाऱ्याच्या जीपच्या सांगाड्यावर फायबरग्लासचे क्रीडा-मोटारीचे अंग चढविले. पुढे त्याच्या ग्लासपार या संस्थेने अशी अंगे सुटी विकण्यास सुरुवात केली. ग्राहक जुना सांगाडा आणून त्यावर ते अंग घरीच बसवीत असे. जनरल मोटर्सची शेव्हरोले कॉर्व्हेट जून १९५३ मध्ये फ्लिंट येथे तयार होऊ लागली ती याच वातावरणात. पहिल्या वर्षी अशा ३०० मोटारी निघाल्या आणि त्या जवळजवळ हातानेच जुळविल्या गेल्या.

ब्रिटनमध्ये या चळवळीला करपद्धतीने बळ दिले. तयार मोटारीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर तो नव्हता. साहजिकच शेकडो लहान संस्था संच विकू लागल्या आणि मध्यमवर्गीय गृहस्थ सुटीच्या दिवशी घरामागे मोटार जुळवू लागला. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला तेव्हा ही सवलत संपली, परंतु तोपर्यंत कौशल्य रुजले होते. टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीने तर फायबरग्लासचे हे तंत्र इस्रायल आणि तुर्कस्तान या देशांना पुरविले. तुर्कस्तानातील अनादोल ही १९६६ ची मोटार त्यातूनच जन्मली. भारताचा संबंध येतो तोही याच मार्गाने. रिलायंट किटन या मोटारीवर आधारलेली डॉल्फिन ही फायबरग्लासच्या अंगाची छोटी मोटार बेंगळुरूच्या सिपानी कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणली. पुढच्याच वर्षी मारुती आली आणि 'प्लॅस्टिकची गाडी' हा शब्द आपल्याकडे हेटाळणीचा झाला.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात स्वतः मोटार बनविण्याची ऊर्मी फायबरग्लासच्याही आधीची आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' या छोट्या मोटारीचा पहिला नमुना १९४९ मध्ये तयार केला आणि पुढील दोन दशकांहून अधिक काळ ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. ती मोटार कारखान्यात कधीच गेली नाही. यंत्रमागाच्या गावात, यंत्राची दुरुस्ती हाताला ठाऊक असलेल्या माणसाने केलेला हा प्रयत्न होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

फायबरग्लास महाराष्ट्रात आले ते मोटारीसाठी नव्हे. ठाणे येथे फायबरग्लास पिल्किंग्टनचा कारखाना होता आणि पुढे १९९८ पासून रायगड जिल्ह्यातील तळोजे येथे ओवेन्स कॉर्निंगने काचतंतू बनविण्यास प्रारंभ केला. कच्चा माल असा हाताशी असल्याने त्याचा प्रसार पाण्याच्या टाक्या, पन्हाळी पत्रे, दारे, कोकण किनाऱ्यावरील मासेमारीच्या होड्या, मिरवणुकीतील चित्ररथ, चौकातील पुतळे आणि सार्वजनिक मंडळांच्या मोठ्या मूर्ती अशा वाटांनी झाला. येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. मूळ मूर्ती मातीत घडवायची, तिच्यावरून साचा काढायचा आणि साच्यातून अनेक प्रती काढायच्या, ही रीत पेणच्या मूर्तिकारांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. मोटारीचे अंग बनविण्याची रीत याहून तत्त्वतः निराळी नाही. ट्रिटला जे नावेने शिकविले, ते आपल्याकडील कारागिराला शिकविण्यास होडी आणि मूर्ती अशा दोन परंपरा हजर होत्या.

क्रीडा-मोटारीच्या क्षेत्रात मात्र नावे मोजकीच सापडतात. मुंबईत दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाईन या संस्थेने १९९० च्या दशकापासून ग्राहकाच्या मागणीनुसार मोटारींची अंगे बदलून देण्यास सुरुवात केली आणि २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात 'अवंती' ही क्रीडा-मोटार मांडली. अलिबाग तालुक्यात शमा व गिडो बोथे यांनी २००३ मध्ये चिंकारा मोटर्स सुरू केली. तिची रोडस्टर ही लोटस सेव्हन या १९५७ च्या ब्रिटिश मोटारीच्या धर्तीची, फायबरग्लासच्या अंगाची आणि इसुझूच्या १.८ लिटर इंजिनाची होती. होड्यांच्या किनाऱ्यावर अशी मोटार बनावी, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. या दोन्ही संस्था प्रसिद्धीच्या झोतात आल्या. त्यांच्या मागे गावोगावच्या गॅरेजांतून 'फायबरचे काम' करणारे जे असंख्य हात आहेत, त्यांचा उल्लेख मात्र कोठेही होत नाही.

निर्मितीची रीत

या कामाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय त्याचे ऐतिहासिक मूल्य ध्यानात येत नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने देणे आवश्यक आहे. प्रथम मूळ मोटारीवर किंवा लाकूड, थर्मोकोल व प्लास्टर यांच्या आधारावर हव्या त्या आकाराचा नमुना घडवितात. त्यावर पुट्टी भरून, पाणी मारीत क्रमाक्रमाने अधिक बारीक पॉलिश पेपरने तो घासतात. एकूण श्रमांचा मोठा वाटा याच पायरीवर खर्च होतो. नमुन्यावरचा ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातला ओरखडा प्रत्येक प्रतीत उतरतो. त्यानंतर मेणाचे अनेक हात आणि त्यावर साचा सुटा करणाऱ्या द्रावणाची पातळ फिल्म देतात. मग जेलकोट हा गुळगुळीत बाह्यथर, आणि तो चिकट असतानाच रेझिनमध्ये भिजविलेल्या काचतंतूंच्या मॅटचे थर. प्रत्येक थरातील हवा रोलरने बाहेर काढावी लागते. हवेचा बुडबुडा राहिला तर उन्हात तापल्यावर तेथे फोड येतो. वजनाने पाहता हाताच्या कामात काचेचा वाटा सुमारे एक-तृतीयांश असतो. रेझिन अधिक ओतले म्हणजे वस्तू मजबूत होते हा नवख्याचा समज असतो, प्रत्यक्षात ती ठिसूळ होते.

रेझिन घट्ट होते ते हार्डनरमुळे आणि त्याला वेग येतो तो कोबाल्टमुळे. हे दोन्ही पदार्थ थेट एकमेकांत मिसळले तर स्फोटक प्रक्रिया होते, म्हणून कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर घालण्याचा दंडक आहे. हार्डनरचे प्रमाण साधारण एक ते दोन टक्के सांगितले जाते. परंतु पुस्तकातील हे प्रमाण थंड देशातील आहे. जालन्यासारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा तेच मिश्रण डब्यातच गोठू लागते. उलट कोकणात पावसाळ्यात दमट हवेने पृष्ठभाग चिकट राहतो. हार्डनर किती टाकायचे, पहाटे काम करायचे की संध्याकाळी, एका वेळी किती रेझिन कालवायचे, हे ज्ञान ऋतू व स्थळ यांच्याशी बांधलेले आहे आणि ते लिखित नाही. स्टायरीनच्या उग्र वासाने डोळे चुरचुरतात, घासताना उडणारी काचेची धूळ कातडीत रुतते. मुखपट्टीविना काम करणाऱ्या कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न हा या इतिहासाचाच एक भाग होय, आणि तो रोमांचक वर्णनांतून नेहमी गाळला जातो.

कायदा आणि कारागीर

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ हे वाहनातील बदलासंबंधी आहे. २००० च्या दुरुस्तीनंतर, निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. नवीन वाहन बनवायचे तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार नमुन्याची चाचणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेकडून करून घ्यावी लागते. ही व्यवस्था हजारो वाहने काढणाऱ्या निर्मात्याला डोळ्यांसमोर ठेवून रचलेली आहे. एकच मोटार बनविणाऱ्याला तिचा खर्च पेलणे शक्य नाही.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील घटना या संदर्भात बोलकी आहे. तेथील एका फॅब्रिकेशन कारागिराने भंगारातील भाग वापरून सुमारे साठ हजार रुपयांत, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी चारचाकी बनविली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर वाखाणणी केली, आणि ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडविली जाईल असे सांगून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट गोड शेवटाची म्हणून छापली. प्रस्तुत लेखकास तीत दुसरेही काही दिसते. कारागिराचा सन्मान झाला, परंतु त्याची निर्मिती रस्त्यावरून उठली आणि तिच्या जागी कारखान्याची मोटार आली.

कायद्याची बाजू सर्वथा चुकीची आहे असे मानण्याचे कारण नाही. फायबरचे बॉनेट किंवा मडगार्ड हे केवळ आवरण असते, परंतु मूळ पोलादी अंग कापून त्या जागी फायबर बसविले तर अपघातात आघात झेलणारा सांगाडाच दुबळा होतो. हा भेद महत्त्वाचा आहे. आवरण आणि सांगाडा यांना एकाच मापाने मोजणे, हा आपल्या व्यवस्थेचा दोष होय. ब्रिटनमध्ये एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून त्यास मान्यता देण्याची पद्धत १९९८ पासून आहे आणि २००९ मध्ये ती अधिक काटेकोर करण्यात आली. घरी बांधलेली मोटार तेथे निरीक्षकापुढे उभी राहू शकते. आपल्याकडे तिला उभे राहण्यास दारच नाही.

साधनांचा प्रश्न

इतिहासाच्या अभ्यासकापुढील खरी अडचण साधनांची आहे. जालन्याचा मस्तगड १७२५ मध्ये आसफजाहच्या आज्ञेने काबिलखानाने बांधला आणि बांधणीचा काळ सांगणारा फारसी शिलालेख तेथे आहे. त्या गडाच्या काळाविषयी वाद घालावा लागत नाही. याच शहरातील एखाद्या शेडमध्ये वीस वर्षांपूर्वी घडलेल्या फायबरच्या अंगाविषयी मात्र पावती नाही, आराखडा नाही, छायाचित्रही नाही. नोंदणी पुस्तकात बदल लिहिला जात नाही, कारण लिहिला तर तो गुन्हा ठरतो. म्हणजे कायद्यानेच येथे दप्तर कोरे ठेवले आहे.

अशा वेळी उरते साधन एकच, आणि ते म्हणजे साचा. नीट सांभाळलेल्या साच्यातून अनेक प्रती निघतात. साच्याच्या कडेच्या तुटलेल्या भागावरून मॅटच्या थरांची संख्या कळते. जोडाच्या रेषेवरून तो किती तुकड्यांत केला होता आणि कोणती वळणे कारागिराला अवघड गेली, हेही वाचता येते. परंतु साचा जागा अडवितो. उन्हात टेकून ठेवला तर वाकतो. लोखंडाला जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भाव मिळतो, जुन्या साच्याला भंगारवालाही हात लावीत नाही, कारण घट्ट झालेले पॉलिएस्टर पुन्हा वितळत नाही. त्यामुळे गॅरेज बदलले किंवा मालक वारला की साचे प्रथम जातात.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी २००७ पासून बाहा आणि नंतर अन्य स्पर्धांसाठी दरवर्षी मोटारी बांधतात. त्यांतील अनेकांची पॅनेले फायबरची, हाताने थर दिलेली असतात, आणि स्पर्धेच्या नियमांमुळे त्यांचे आराखडे, खर्चाचे तक्ते व चाचण्यांचे अहवाल लिहावे लागतात. हे अहवाल स्पर्धेनंतर विभागाच्या कपाटात पडून राहतात आणि पुढच्या तुकडीला जागा हवी म्हणून रद्दीत निघतात. त्यांपैकी एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल क्रमांकासह ठेवण्यास कोणताही खर्च येत नाही.