म्सेतो: नैरोबीच्या खिचडीची कुळकथा

केनियाच्या किनारपट्टीवर, मोंबासाच्या आसपास, एक पदार्थ घरोघरी रटरटतो. मूग अर्धेमुर्धे उकडून घ्यायचे, त्यात तांदूळ वैरायचे, दाणा फुटायला लागला की नारळाचं दाट दूध ओतायचं आणि लाकडी पळीने घोटत राहायचं. या पळीला तिथे 'म्विको' म्हणतात. पाणी आटून गोळा घट्ट झाला की ताटात घ्यायचा आणि वर माशाचं कालवण. पदार्थाचं नाव म्सेतो. कोकणातल्या माणसापुढे हे ताट ठेवलं तर तो नाव विचारत बसणार नाही, मीठ बेताचं आहे का एवढंच बघेल.

आता स्वाहिली वर्तमानपत्र उघडावं. दोन पक्षांनी मिळून चालवलेल्या सरकारला तिथे शब्द आहे 'सेरिकाली या म्सेतो'. 'सेरिकाली' म्हणजे सरकार, 'या' म्हणजे आपला 'चं', आणि म्सेतो म्हणजे वरचा तो घोटलेला मूगभात. शब्दाला शब्द लावला की उरतं खिचडीचं सरकार. आपल्याकडे ज्या शब्दाने विरोधक हिणवतात, तोच शब्द नैरोबीत बातमीदार अगदी सरळ चेहऱ्याने वापरतात. हा योगायोग की नातं?

केनियात अशी खिचडी ज्या भांडणातून चुलीवर चढली, ते थोडक्यात असं. 27 डिसेंबर 2007 ला केनियात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. 30 तारखेला मुख्य निवडणूक अधिकारी सॅम्युएल किवुइटू यांनी म्वाई किबाकींना सुमारे 2 लाख 32 हजार मतांनी विजयी घोषित केलं. (स्वाहिलीतही लाखाला 'लाकी' म्हणतात.) तासाभरात, दिवेलागणीला, किबाकींनी शपथ घेतलीसुद्धा. दुसरे उमेदवार रायला ओडिंगा यांनी मतमोजणीत लबाडी झाल्याचा आरोप केला आणि देश पेटला. 1,100 हून अधिक माणसं मेली, लाखो घरादाराला मुकली. किबाकी खरंच जिंकले का ते आपल्याला ठाऊक नाही, असं खुद्द किवुइटूंनीच दोन-तीन दिवसांत बोलून दाखवलं. पुढे चौकशी आयोगाने तर निकाल लावणंच अशक्य ठरवलं.

22 जानेवारीला कोफी अन्नान मध्यस्थीसाठी नैरोबीत उतरले. टांझानियाचे माजी अध्यक्ष बेंजामिन म्कापा आणि ग्रासा मशेल त्यांच्या जोडीला होते. दोन्ही बाजूंचे चार-चार जण टेबलाला बसले. सरकारकडून मार्था करुआ वगैरे, विरोधकांकडून मुसालिया मुडावाडी, विल्यम रुटो वगैरे. यातलं रुटो हे नाव लक्षात ठेवावं, शेवटी लागणार आहे.

मूळ मुद्दा म्सेतोचा.

नात्याच्या बाजूने पहिला पुरावा शब्दांचा. गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', छापाला 'चापा', बांगडीला 'बांगिली', आंब्याला 'एम्बे', शिवाय चपाती आणि हुंडी. हिंदुस्थानी व्यापारी किनाऱ्यावर उतरले ते तराजू आणि पातेलं घेऊनच. मूग हे धान्यही मूळचं आपल्याच उपखंडातलं. तेव्हा मूगभात इथून गेला आणि त्याच्या पाठोपाठ 'खिचडी सरकार' ही कल्पनाही गेली, असं मानायला जीभ शिवशिवते. जनता पक्षाच्या प्रयोगाच्या आगेमागे आपल्याकडे हा शब्द सभेसभेत ऐकू येत होता, आणि नैरोबी-मोंबासाच्या दुकानांतून हिंदी-गुजराती वर्तमानपत्रं कधी हटली नव्हती.

दुसरा साक्षीदार इब्न बतूता. दोन्ही किनारे डोळ्यांनी पाहिलेला असा माणूस चौदाव्या शतकात दुसरा मिळणार नाही. हिंदुस्थानात लोक मुगाबरोबर भात शिजवून तूप घालून रोज न्याहारीला खातात आणि त्याला 'किश्री' म्हणतात, हे त्याने लिहून ठेवलं. त्याच्या थोडं आधी, 1331 च्या सुमारास, तो मोगादिशू, मोंबासा आणि किल्वाला जाऊन आला होता. मोगादिशूत त्याला तुपात शिजवलेला भात वाढला गेला आणि मोंबासाचे लोक केळी नि मासे खातात, असं तो सांगतो. मूगभात नाही! ताटातलं सगळं टिपणाऱ्या माणसाच्या नजरेतून तो सुटला नसता. म्हणजे तेव्हा तिथे तो नव्हता आणि नंतर हिंदुस्थानातून आला, असं ठोकून द्यायचा मोह होतो.

तो मोह पुरातत्त्ववाले आवरायला लावतात. कोमोरोस बेटांवर आणि मादागास्करमध्ये उत्खननात आठव्या ते दहाव्या शतकातले जळके दाणे निघाले, त्यात तांदळाबरोबर मूगही होता. आणि तो तिकडे पोचवल्याचं श्रेय संशोधक देतात ते गुजराती गलबतांना नाही, तर आग्नेय आशियातून होड्या हाकत आलेल्या ऑस्ट्रोनेशियन खलाशांना. म्हणजे मूग मूळचा आपला, पण त्याने तिकीट भलत्याच बोटीचं काढलं.

शब्दाचं कूळ तर साफ आफ्रिकी आहे. 'सेता' हे बांतू क्रियापद, अर्थ चेचणं, कुस्करणं, घोटणं. त्याला 'म्' लागून 'म्सेतो'. खिचडीशी ध्वनीचंही नातं नाही. प्रतिपक्ष आणखी पुढे जातो. शेतात झाडं आणि पिकं एकत्र लावली की 'किलिमो म्सेतो', मलेरियावर दोन औषधं एकत्र दिली की 'दावा म्सेतो'. अर्थात शब्द स्वयंपाकघरातून कधीच बाहेर पडला होता, सरकारपर्यंत तो 'मिश्रण' या साध्या अर्थाने पोचला, मुगाचा संबंध नाही, असा त्यांचा दावा.

हा दावा भारी वाटतो, पण एका ठिकाणी लंगडतो. नुसत्या मिश्रणाला स्वाहिलीत 'म्चांगान्यिको' असा चांगला दणदणीत शब्द आहे. मग सरकारला तो का नाही चिकटला? कारण मिसळणं वेगळं आणि घोटणं वेगळं. चिवड्यात शेंगदाणा शेंगदाणाच राहतो, खिचडीत तांदूळ कुठे संपला आणि डाळ कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. ज्याने कोणी 'सेरिकाली या म्सेतो' पहिल्यांदा म्हटलं, त्याच्या डोळ्यापुढे पातेलं होतं, आणि तो माणूस किनाऱ्यावरचा होता, बहुधा झांझिबारचा. कारण निकालाच्या भांडणाचा अनुभव केनियाच्या कितीतरी आधी झांझिबारला आला. जानेवारी 1961 मध्ये तिथे 22 जागांच्या निवडणुकीत 10, 9 आणि 3 असा निकाल लागला, तिघांचा पक्ष फुटला आणि दोन्ही बाजूंना नेमक्या 11-11 जागा झाल्या. काळजीवाहू संयुक्त सरकार बसवावं लागलं. जूनमधल्या फेरनिवडणुकीत दंगली होऊन 68 माणसं गेली. पुढे 1995 आणि 2000 च्या निकालांवरूनही तिथे तेच. जुलै 2010 च्या सार्वमतात अखेर संयुक्त सरकारची तरतूदच मंजूर झाली.

तेव्हा निवाडा असा. राजकारणातला म्सेतो खिचडीचा अनुवाद नाही. पण दोन्ही समाज एकाच ताटासमोर बसून एकाच उपमेपर्यंत पोचले, आणि ते ताट समुद्राने दोन्हीकडे पोचवलं. मराठीने तर खिचडीवर समाधान न मानता कडबोळं काढलं, तेही अनेक पिठांचं.

हिंदुस्थानी व्युत्पत्तीचा मोह किती महागात पडतो, याचा धडा केनियातच आहे. 28 फेब्रुवारी 2008 ला किबाकी आणि ओडिंगा यांनी ज्या इमारतीच्या पायऱ्यांवर करारावर सह्या केल्या, ती हारांबे हाउस. 'हारांबे' हे केनियाचं बोधवाक्य, राष्ट्रचिन्हावर कोरलेलं, अर्थ 'सगळे मिळून ओढू या'. 1896 ते 1901 या काळात मोंबासाहून आत रेल्वे नेताना सुमारे 32 हजार हिंदुस्थानी मजूर नेले होते. रूळ उचलताना ते 'हर अंबे' म्हणायचे, त्याचंच हारांबे झालं, अशी गोष्ट इतकी पसरली की काही केनियन ख्रिस्ती मंडळींनी देवीचं नाव राष्ट्रचिन्हावर नको म्हणून हरकत घेतली. पण ओझी वाहणाऱ्या किनाऱ्यावरच्या हमालांच्या आरोळीतून हा शब्द सहज निघतो. मजुरांपैकी बहुतेक पंजाबचे होते, हेही विसरू नये. गोष्ट गोड आहे, बसत मात्र नाही.

'सेरिकाली'चं मात्र नातं पक्कं. फारसी 'सरकार' हाच तो शब्द. केनिया-टांझानियात गमतीने त्याची फोड 'सिरी काली', म्हणजे 'कडक गुपित', अशी करतात. अन्नान यांनी बोलणी त्सावोच्या जंगलातल्या किलागुनी इथल्या लॉजवर हलवून बातमीदारांना दूर ठेवलं, तेव्हा ही फोड फारच शोभली. पण 'र'चा 'ल' झाला कुठे? आखातात. शारजात इंग्रजांचे एजंट म्हणून काम करणाऱ्या घराण्याचं आडनाव 'सरकाल' पडलं, ते 'सरकार'वरूनच असं मानतात. ओमानच्या सुलतानाने दरबार झांझिबारला नेला आणि शब्दही त्या गलबतात बसला असणार. मुंबईचा दावाही सोडवत नाही. झांझिबारचा पहिला इंग्रज वकील अ‍ॅटकिन्स हॅमर्टन 1841 मध्ये आला तो मुंबईच्या फौजेतून, आणि तिथल्या इंग्रज कोर्टाची अपिलं पुढे मुंबई हायकोर्टात चालत. शब्द आखाताचा, वजन मुंबईचं, असं म्हटलं तर दोघांनाही राग येऊ नये.

किबाकींच्या किकुयू भाषेत सरकारला 'थिरिकारी' म्हणतात, ओडिंगांच्या लुओ भाषेत 'सिरकाल'. ज्याच्यासाठी दोन जमाती कोयते घेऊन उठल्या, ती वस्तू दोघांच्याही घरी त्याच एका फारसी नावाने राहत होती.

केनियातल्या खिचडीची पाककृती मात्र जर्मन. 2005 मध्ये जर्मनीत 226 विरुद्ध 222 असा निकाल लागल्यावर दोन्ही मोठ्या पक्षांनी एकत्र सरकार कसं बनवलं, ते समजावून सांगायला अन्नान यांनी किलागुनीला जर्मनीचे राज्यमंत्री गेर्नोट एर्लर यांना बोलावलं. मंत्रिपदं निम्मी-निम्मी. शेवटी अडलं ते राष्ट्राध्यक्ष असताना पंतप्रधान हवा कशाला, यावर. टांझानियात दोन्ही पदं आहेत. तिथले अध्यक्ष जकाया किक्वेते यांनी येऊन किबाकींना ते पटवलं, आणि 38 दिवस उकळणारी ही खिचडी बिरबलाची ठरता ठरता उतरली. 17 एप्रिलला ओडिंगा पंतप्रधान झाले. मंत्री 40!

घोटणं मात्र झालं नाही. उपराष्ट्राध्यक्षांचा मान आधी की पंतप्रधानांचा, यावरून वाद चालत राहिले. दाणे सुटेच दिसत होते. मग लोकांनी दुसरा शब्द काढला, 'सेरिकाली या नुसू म्काते', अर्ध्या भाकरीचं सरकार. 'म्काते' म्हणजे खरं तर पाव, पण मराठीत 'अर्धा पाव' म्हटलं तर ते आठवा हिस्सा होईल, म्हणून भाकरीच बरी. इंग्रजीतली अर्ध्या पावाची म्हण त्यामागे असावी, असं पुष्कळांना वाटतं. पण स्वाहिलीत पूर्ण संकटापेक्षा अर्धं संकट बरं, अशी म्हण आधीपासूनच आहे, आणि शिवाय 2002 मध्ये किबाकी-ओडिंगा यांच्यात निम्म्या वाट्याचा समजुतीचा करार होऊन तो पाळला गेला नव्हता. अर्धी भाकरी पाच वर्षं थकलेली होती.

2010 च्या राज्यघटनेने पंतप्रधानपद काढून टाकलं. 2022 मध्ये विल्यम रुटो राष्ट्राध्यक्ष झाले, निकालावरून पुन्हा निदर्शनं झाली, आणि 2008 च्या टेबलावर ओडिंगांच्या बाजूने बसलेले हेच रुटो आता नुसू म्काते मुळीच मिळणार नाही, असं बजावू लागले. जुलै 2024 मध्ये, तरुणांच्या आंदोलनानंतर, त्यांनी ओडिंगांच्या पक्षातले नेते मंत्रिमंडळात घेतले. त्या सरकारने स्वतःला म्सेतो म्हणवलं नाही, अर्धी भाकरीही म्हणवलं नाही. नवा शब्द आला 'सेरिकाली जुमुइशी', सर्वसमावेशक सरकार. 'जुमुइशी'चं मूळ अरबी आहे, आपल्या 'जमा' आणि 'जमाव' यांचं जे आहे तेच.