वाड्या-चाळींचे गिरगाव

मलबार टेकडीच्या पायथ्याचे ‘गिरिग्राम’ ते गिरगाव, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. आज येथे टेकडीची सावली जाणवत नाही आणि गावही उरलेले नाही. मात्र फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही नावे जुन्या बागायतीची आठवण टिकवून आहेत. बागा गेल्या, तेथे चाळी उठल्या आणि या चाळींनीच मुंबईतील मराठी मध्यमवर्गाचे सांस्कृतिक जीवन घडवले.

दहा बाय बाराच्या खोलीत संसार मावत असे, समारंभ मावत नसे. त्यामुळे व्याख्यान, नाटकाची तालीम, भजन, लग्नाची पंगत हे सारे गॅलरीत, चौकात किंवा वाडीच्या तोंडाशी होई. सार्वजनिक गणेशोत्सव येथे रुजला तो याच रचनेमुळे. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून हा उत्सव अखंड सुरू आहे. १९०१ मध्ये लोकमान्य टिळकांनी त्याला भेट दिली होती. चाळीने लहान मूर्ती आणि पालखीतून मिरवणूक ही प्रथा आजही सोडलेली नाही. उंचीच्या स्पर्धेत गुंतलेल्या मंडळांनी हे एकदा पाहावे. टिळकांवर १ ऑगस्ट १९२० रोजी अंत्यसंस्कार झाले तेही येथल्याच चौपाटीवर.

समाजसुधारणेचा वारसाही तितकाच जुना आहे. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे मंदिर येथे आहे. अर्थात ‘प्रार्थना समाज’ हे बसथांब्याचे नाव म्हणून ओळखणाऱ्यांची संख्या आता अधिक असावी.

रंगभूमी आणि चित्रपट यांनी गिरगावला खरे वैभव दिले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी येथील कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये प्रदर्शित झाला. ही दोन्ही चित्रपटगृहे इतिहासजमा झाली. रॉयल ऑपेरा हाऊस मात्र वाचले. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेली, बालगंधर्व व पृथ्वीराज कपूर यांना पाहिलेली ही वास्तू १९९३ मध्ये बंद पडली. जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये तिचा पडदा पुन्हा वर गेला.

केळेवाडीतील मुंबई मराठी साहित्य संघाची कथा वेगळी आहे. संस्थानिकाचे पाठबळ नाही, सरकारी थाट नाही. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला डॉ. अ. ना. भालेराव यांच्यासारख्या वैद्यकीय व्यवसाय सांभाळून नाटकासाठी झिजणाऱ्या माणसाने उभे केले. आधी खुले रंगमंदिर होते; १९६४ मध्ये बंदिस्त नाट्यगृह झाले. खटाववाडीतून मौजेची पुस्तके निघत होती, त्याच काळात काही मिनिटांच्या अंतरावर संघात नाटके होत होती. लेखक, नट, प्रकाशक आणि प्रेक्षक एकाच परिसरात राहत, हे या चळवळीचे मोठे बळ होते.

हे बळ आता ओसरले आहे. खोल्या अपुऱ्या पडल्याने अनेक कुटुंबे बोरिवली-डोंबिवलीकडे गेली. पठारे प्रभू खोताच्या जमिनीवर वसलेली, ईस्ट इंडियन कुटुंबांच्या लाकडी जिन्यांची खोताची वाडी बुलंद इमारतींच्या कोंडाळ्यात सापडली आहे. मासळीच्या थाळीसाठी प्रसिद्ध असलेली तेथील अनंताश्रम खानावळ बंद झाली. मेट्रो-३ च्या गिरगाव व काळबादेवी स्थानकांसाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. तेथील रहिवाशांना याच परिसरात नव्या इमारतींत घरे देण्याची योजना आखली गेली. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो या स्थानकांवर थांबू लागली.

गिरगावचा गुढीपाडवा आणि गणेशोत्सव आजही गर्दी खेचतात. शोभायात्रेत ढोल वाजवणाऱ्यांपैकी अनेक जण त्यासाठी सकाळची लोकल पकडून येतात. मिरवणूक संपल्यावर विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाऊन, पणशीकरांकडे पीयूष पिऊन, ते पुन्हा चर्नी रोडच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट पाहत उभे असतात.