सुरतेचा फुरजा आणि परवलीचा शब्द

फ्रेंच प्रवासी थेवेनो हा १६६६ च्या जानेवारीत सुरतेस आला, तेव्हा शहरात पाऊल टाकण्यापूर्वी त्यास फुरज्यातून, म्हणजे तापीकाठच्या बादशाही जकातघरातून, पार पडावे लागले. आणि तेथील झडतीचे त्याने केलेले वर्णन वाचताना, तीन शतकांहून अधिक काळ लोटूनही, दाराशी तिष्ठत उभ्या राहिलेल्या माणसाची अगतिकता आपल्या ओळखीची वाटल्यावाचून राहत नाही. उतारूंना एकेक करून आत घेतले जाई, लेखनिक त्यांचे नाव टिपून घेई, आणि मग पागोटे, कमरबंद, जोडे, मोजे असे सर्व उतरवून त्यांची कसून तपासणी होई. कारण उघड होते. मालाचे गठ्ठे लपत नाहीत, परंतु सोने, मोती आणि रत्ने अंगावर सहज लपतात, आणि बादशहाचा हक्क बुडतो तो अशा लहान वस्तूंतच. प्रथम नाव, नंतर पारख, आणि तदनंतर प्रवेश हा फुरज्यावरील क्रम होता. आज रिंग रोडवरील कापडबाजारात सकाळी गल्ला उघडणाऱ्या गुमास्त्यापुढे संगणकाचा पडदा उजळतो तेव्हा तोही प्रथम नाव विचारतो, मग परवलीचा शब्द मागतो, आणि दोहोंचा मेळ बसला तरच आत घेतो.

मुगलीसरा भागात हकीकत खानाने १६४४ साली बांधलेली सराई आजही उभी आहे. एके काळी तेथे मक्केचे यात्रेकरू आणि परमुलखातील वाटसरू उतरत. १८६७ पासून तेथे नगरपालिकेची, आता महानगरपालिकेची, कचेरी आहे, आणि ज्या ओवऱ्यांत मुसाफिरांच्या वळकट्या पडत तेथे आता कारकुनांची मेजे आहेत. प्रवेशाच्या प्रश्नाशी इतका दीर्घ संबंध आलेले शहर हिंदुस्थानात दुसरे दाखवणे कठीण. सुरतेच्या या इतिहासातून एक गोष्ट मात्र मला विशेष ध्यानात घेण्याजोगी वाटते. दाराशी अडलेला मनुष्य नेहमी असेच समजतो की आपला परवाना नाकारला गेला. वस्तुतः दोष परवान्यात असण्याचे प्रसंग थोडे, आणि तो पहारेकऱ्यात, दप्तरात किंवा दाराच्या पलीकडील कोठारात असण्याचे प्रसंग पुष्कळ.

सर टॉमस रो याचे उदाहरण घ्यावे. इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून तो १६१५ च्या सप्टेंबरात सुवाळीच्या बंदरात दाखल झाला. त्याच्याजवळील कागदपत्रे अस्सल होती, पदवी खरी होती, आणि राजाच्या वकिलाची व त्याच्या माणसांची झडती घेता येत नाही हा त्याचा दावाही त्याच्या देशाच्या रिवाजास धरून होता. तथापि सुरतेचे अंमलदार 'वकील' हे नाव ऐकून एकमेकांकडे पाहून हसले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांचे हसणे अकारण नव्हते. १६०८ मध्ये आलेला हॉकिन्स काय किंवा रोच्या आधी येऊन गेलेला एडवर्ड्‌स काय, ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारासाठी आलेली ही माणसे राजाच्या पत्राच्या आधारे तोच दर्जा मिरवून गेली होती. त्यामुळे खरा वकील आला तोपर्यंत त्या पदवीची पत संपूर्ण उतरलेली होती. झडतीवरून तंटा लांबला, आणि रोने आपला हेका सोडला नाही. येथे परवाना अस्सल होता आणि पहारेकरी कर्तव्यदक्ष होता; बिघाड होता तो आधीच्या नोंदींत.

याहून दारुण प्रकार 'रहिमी' जहाजाचा. पोर्तुगीजांनी अरबी समुद्रावर कार्ताझ नावाच्या परवान्याची पद्धत बसवली होती. जहाज कोणते, तांडेल कोण, जाणार कोठे, तोफा किती, हे सर्व त्या कागदात नमूद असे, आणि तो जवळ नसलेले जहाज पकडण्याचा हक्क ते स्वतःकडे घेत. 'रहिमी' हे बादशहा जहांगीरच्या मातेचे, मरियम-उझ्‌-झमानीचे, जहाज. तांबड्या समुद्राकडे यात्रेकरू आणि माल नेणारे. त्याच्याजवळ पोर्तुगीजांचाच परवाना होता. तरीही १६१३ मध्ये सुरतेच्या समुद्रात पोर्तुगीजांनी ते पकडले. ज्याने शिक्का मारला त्यानेच शिक्का नाकारावा, यावर सामान्य व्यापाऱ्याजवळ काय तोड असणार? बादशहाजवळ होती: पोर्तुगीजांचा व्यापार बंद झाला, दमणला वेढा पडला, आग्र्याच्या जेझुइट पाद्र्यांच्या देवळास कुलूप लागले, आणि १६१५ मध्ये तह होईपर्यंत हा कलह चालला. पहारेकरी खरा आहे की तोतया, आणि खरा असल्यास तो आपल्याच शब्दास जागणार की नाही, ही शंका तेव्हापासून सुरतेच्या नाखुद्यांच्या मनातून कधी गेली नसावी. १९९३ साली विंडोज एनटी बाजारात आले त्यात परवलीचा शब्द देण्यापूर्वी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबाव्या लागत, त्याचे प्रयोजन नेमके हेच होते: त्या तीन कळांची हाक मूळ प्रणालीखेरीज अन्य कोणत्याही कार्यक्रमास ऐकू जात नाही, म्हणून त्यानंतर उघडणारा पडदा तोतया नव्हे याची हमी मिळते. (उलट त्याच सुमाराच्या विंडोज ९५ मधील पडदा एस्केपची कळ दाबली असता मुकाट्याने बाजूस होई; पुष्कळ दुकानदार वर्षानुवर्षे त्यास कुलूप समजत राहिले.)

शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या सुरतेवरील स्वारीविषयी मराठी वाचकास नव्याने सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. परंतु दप्तर आणि वस्तुस्थिती यांतील फारकत तिने जशी उघडी पाडली तशी दुसऱ्या कशानेही नाही. सुरतेचा सुभेदार इनायत खान पाचशे शिपायांचा पगार सरकारी खजिन्यातून उचलीत असे, आणि त्या प्रमाणात माणसे मात्र ठेवीत नसे. शहरास तट नव्हता. मराठे आले तेव्हा खान किल्ल्यात जाऊन बसला, आणि तेथून त्याने तहाच्या बोलण्याच्या मिषाने एक तरुण महाराजांकडे पाठवला, त्याने भेटीतच शस्त्र उपसून अंगावर झेप घेतली. पहाऱ्यावरील मावळ्याने त्याचा हात छाटला. ओळख पटून आत आलेला प्रत्येक जण विश्वासास पात्र असतोच असे नाही, हे तेव्हा कळले. ओळख पटवणे आणि अधिकार देणे ही दोन निराळी कामे आहेत, हे संगणकशास्त्राने पुढे स्वतंत्रपणे शिकून घेतले.

तथापि सुरतेने या बाबतीत जे सर्वांत सूक्ष्म ज्ञान संपादन केले ते ना फुरज्यावर, ना किल्ल्यात. ते सराफांच्या पेढीवर. आग्रा आणि बुऱ्हाणपूर या शहरांशी सुरतेचा हुंडीचा व्यवहार अव्याहत चाले, आणि इंग्रज-डचांच्या वखारींनाही त्यावाचून गत्यंतर नसे. हुंडी म्हणजे कागदाचा एक चिटोरा. तो चोरीस जाईल, पावसात भिजेल, वाटेत कासीद मारला जाईल, अशी सर्व संभाव्यता गृहीत धरूनच तिची रचना झालेली होती. रक्कम एकदाच लिहीत नसत: रुपये हजार असतील तर अंकी हजार, अक्षरी हजार, आणि पुढे 'निमे पाचशे, त्यांचे दुप्पट पुरे हजार' असे घालीत, म्हणजे एखाद्या लुच्च्याने एक शून्य वाढवले तरी निम्म्याचा हिशेब त्यास उघडा पाडी. शाहजोग हुंडी असेल तर पैसे कोणाही आणणाऱ्यास द्यावयाचे नाहीत, बाजारात ज्याची पत आहे अशा शाहाच्या हातीच द्यावयाचे. आणि देणाऱ्याने ती खातरजमा केली नाही तर नुकसान त्याचे.

परंतु खरी कुशलता दिसते ती हुंडी हरवल्यावर. प्रथम पेठ लिहून देत, म्हणजे मूळ हुंडीचा हवाला देणारी दुसरी प्रत. ती हरवली तर परपेठ. आणि तीही हरवली तर मेजरनामा, ज्यावर बाजारातील प्रतिष्ठित पंचांच्या सह्या लागत. प्रत्येक पायरीस मागच्या पायरीचा उल्लेख असे, आणि तिहींपैकी एकीवर पैसे चुकते झाले की बाकीच्या आपोआप रद्द. संगणकावर 'शब्द विसरलात काय?' असे विचारणारी जी ओळ असते, तीमागे याहून अधिक शहाणपण आहे असे मला वाटत नाही; किंबहुना पुष्कळ ठिकाणी कमीच आहे, कारण आईचे माहेरचे नाव विचारणारा प्रश्न पंचांच्या साक्षीची बरोबरी करू शकत नाही. ते नाव अर्ध्या गावास ठाऊक असते.

परवलीचा शब्द संगणकात आला तो १९६१ च्या सुमारास, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली उभारली तेव्हा. एकच यंत्र अनेकांनी वाटून घ्यावयाचे होते, म्हणून प्रत्येकाच्या कागदास निराळे कुलूप हवे. हे कुलूप लगेच फुटले. १९६२ मध्ये ॲलन शेर या विद्यार्थ्यास ठरवून दिलेला वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा त्याने सर्वांच्या शब्दांची यादीच छापून मागवली आणि ती त्यास मिळाली. १९६६ मध्ये तर दोन फायलींची अदलाबदल होऊन, प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे शब्द वाचावयास मिळाले. अखेरीस मॉरिस आणि टॉम्सन यांनी १९७९ च्या आपल्या निबंधात मांडलेली रीत रूढ झाली: यंत्राने शब्द जवळ ठेवावयाचाच नाही, त्याचा केवळ असा ठसा ठेवावयाचा की ज्यावरून मूळ शब्द परत काढता येणार नाही.

लिंबायत आणि उधना या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे दोन-तीन पिढ्या राहत आहेत. मागल्या पिढीने यंत्रमाग चालवले, या पिढीतील काही मुले संगणक दुरुस्त करतात. अशाच एका मुलास कापडाच्या पेढीवर काम करताना मी पाहिले. यंत्र आत घेईना म्हणून शेठ घाबरे झाले होते. शब्द बदलला असावा, कोणी चोरला असावा, असे त्यांचे चालले होते. मुलाने शब्द विचारलाच नाही. त्याने विचारले, "शेठ, पासवर्ड चुकला म्हणून सांगतंय, की आत घेऊन परत बाहेर सोडतंय?"

रहिमी आणि रो यांच्यातील सारा भेद या एका प्रश्नात आहे. यंत्र 'चुकला' म्हणत असेल तर विचार कळफलकाचा करावयाचा: कॅप्स लॉक लागले आहे काय, अंकांची कळ बंद आहे काय, आणि सुरतेत तर हे विशेष, की पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीऐवजी गुजराती लिपी निवडली गेली आहे काय, कारण टिंबांच्या रांगेत 'क' पडला की 'के' पडला हे डोळ्यांस दिसत नाही. कार्यालयातील यंत्र मुख्य सर्व्हरशी जोडलेले असेल तर घड्याळही पाहावे. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपून तारीख मागे गेली असली, तर पाच मिनिटांपलीकडच्या फरकास सर्व्हर परवाना शिळा समजतो आणि अस्सल शब्दही नाकारतो. परंतु शब्द मान्य होऊन क्षणभर पडदा काळा पडावा आणि पुन्हा तेच नाव विचारणारे दार समोर यावे, असे होत असेल तर शब्द बदलीत बसणे हा निव्वळ कालापव्यय. दार उघडलेले आहे. आत ठेवावयास जागा नाही, किंवा आतल्या वहीवर मालकी दुसऱ्याच्या नावाची चढली आहे, किंवा वीज गेल्यामुळे ती वही अर्धवट लिहिलेली राहिली आहे, किंवा चित्र दाखवणारा ड्रायव्हरच कोसळला आहे.

पेढीवरचे यंत्र लिनक्सचे होते. मुलाने कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा दाबून चित्राविना केवळ अक्षरांचे, मागल्या बाजूचे दार उघडले. तेथे तोच शब्द निमूट चालला, आणि शेठचा चोरीचा संशय तेथेच फिटला. मग 'डीएफ' ही आज्ञा देऊन त्याने कोठाराची स्थिती पाहिली. शंभर टक्के भरलेले. साड्यांच्या नक्षीची छायाचित्रे, एकेक चार-चार वेळा साठवलेली. प्रवेशाच्या वेळी यंत्रास चार ओळींची एक लहानशी चिठ्ठी लिहावी लागते, तेवढीही जागा उरली नव्हती. त्याने जुन्या प्रती पुसल्या, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि शेठ आत गेले.

१७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरच्या फर्मानाने इंग्रजांना वर्षाला दहा हजार रुपये भरून सुरतेच्या जकातीतून सूट मिळाली. पुढे १७५९ मध्ये त्यांनी किल्ला घेऊन किल्लेदारी मिळवली, आणि नवाब शहरात नावाचा उरला तो १८०० पर्यंत, जेव्हा कारभारही कंपनीने आपल्या हाती घेतला. शिक्का, मसनद आणि दरबार नवाबाचे. किल्ल्या मात्र दुसऱ्याच्या कमरेला. त्या दिवशी पेढीवरून निघताना मी मुलास विचारले, की या यंत्राचे प्रशासकाचे खाते कोणाच्या नावे आहे. तो हसला. शेठचे खाते साधे होते. यंत्र बसवले त्या दिवशी प्रशासक म्हणून त्याने स्वतःचे नाव घातले होते, आणि बाजारातील पुष्कळ पेढ्यांत असेच असते, असे तो म्हणाला.