व्यक्तिचित्रणाचे शिक्षण व अनुकृती

विशिष्ट व्यक्तीचे रूपसादृश्य व तिचा स्वभावविशेष यांचे एकत्रित दर्शन घडविणाऱ्या चित्रास व्यक्तिचित्र म्हणतात. हे चित्र काढण्याचे कौशल्य विद्यार्थी दोन मार्गांनी मिळवितो : समोर बसलेल्या माणसाच्या निरीक्षणातून आणि इतर चित्रकारांच्या व्यक्तिचित्रांच्या अभ्यासातून. पहिल्या मार्गाचे महत्त्व सर्वमान्य आहे. दुसऱ्या मार्गाकडे मात्र केवळ नक्कल म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. वस्तुतः महाराष्ट्रातील व्यक्तिचित्रणाची परंपरा फार मोठ्या प्रमाणात या दुसऱ्या मार्गानेच घडली. मूळ चित्रे आणि ती रंगविणारा चित्रकार ज्याला जवळून पाहता आला, त्याला हा मार्ग लाभदायक ठरला. ज्याच्या वाट्याला केवळ छापील प्रती आल्या, त्याला त्यापासून मर्यादितच लाभ झाला. मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील विद्यार्थी यांच्या स्थितीतील अंतर समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे.

अनुकृतीचे स्वरूप : पूर्ण झालेल्या व्यक्तिचित्रातून बैठकीची रचना, मानेचा कल, हातांची ठेवण, प्रकाशाची दिशा व पार्श्वभूमीची योजना या गोष्टी शिकता येतात. रंग कोणत्या क्रमाने चढविले, छायेतील पातळ थर व प्रकाशातील जाड थर यांचा मेळ कसा घातला, कोणती कडा जाणीवपूर्वक पुसट ठेवली, हे समजण्यासाठी मात्र मूळ चित्र जवळून पाहावे लागते. किंबहुना चित्रकार काम करीत असताना त्याच्या मागे उभे राहावे लागते. यामुळे अनुकृतीचे तीन प्रकार पडतात. संपूर्ण चित्राची हुबेहूब प्रत करणे हा पहिला. चित्रातील एखादाच प्रश्न, उदा., छायाप्रकाशाचे पुंज किंवा हातांची मांडणी, निवडून त्याचा लहान अभ्यास करणे हा दुसरा. आणि चित्र पाहून ते दूर ठेवणे, स्मरणाने रेखाटणे व पुन्हा मूळ चित्राशी ताडून पाहणे हा तिसरा. पहिल्या प्रकारात हाताला वळण लागते. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत विचारालाही चालना मिळते.

पाश्चात्त्य परंपरा : यूरोपात थोर चित्रकारांनीही इतरांच्या चित्रांचा असा अभ्यास केला. रुबेन्सने १६२८–२९ मध्ये माद्रिद येथील वास्तव्यात तिशनच्या चित्रांच्या प्रती केल्या. त्या वेळी त्याचे वय पन्नाशीच्या पुढे होते व यूरोपभर त्याची कीर्ती पसरलेली होती. रेम्ब्रँटचे उदाहरण याहून बोलके आहे. १६३९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे लिलावास आलेले रॅफेएलचे कास्तील्योने याचे व्यक्तिचित्र त्याने पाहिले आणि त्याचे एक झटपट रेखाटन करून ठेवले. ती बैठक त्याच्या त्याच वर्षीच्या अम्लरेखन-आत्मचित्रात व १६४० च्या तैलरंगातील आत्मचित्रात वेगळ्या रूपाने अवतरली. त्याने रॅफेएलचा रंग वा रेषा घेतली नाही, तर देहाच्या ठेवणीतून व्यक्तीची प्रतिष्ठा सूचित करण्याची युक्ती घेतली. लंडनच्या रॉयल अकॅडमीचा पहिला अध्यक्ष जोशुआ रेनल्ड्स (१७२३–९२) यानेही विद्यार्थ्यांपुढील व्याख्यानांत पूर्वसूरींच्या अभ्यासाचा आग्रह धरला. तथापि संपूर्ण चित्रांच्या यांत्रिक प्रती करीत बसणे हा परिश्रमाचा आभास होय, असे त्याचे मत होते.

महाराष्ट्रातील आरंभ : पाश्चात्त्य पद्धतीच्या व्यक्तिचित्रणाशी महाराष्ट्राचा निकटचा परिचय पेशवाईच्या अखेरच्या काळात झाला. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने व पेशव्यांच्या साहाय्याने पुण्यात एक चित्रशाळा सुरू झाली होती. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–९५) याने सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे रंगविली. त्याच्या सहवासात काम करणाऱ्या गंगाराम चिंतामण तांबट या मराठी चित्रकाराने लेण्यांची व माणसांची जी रेखाटने केली, त्यांत देशी रेषेबरोबरच प्रत्यक्ष पाहून नोंद करण्याची नवी सवय दिसून येते. वेल्सच्या मृत्यूनंतर व पेशवाईच्या अस्तानंतर हा प्रवाह खंडित झाला. १८५७ मध्ये मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा स्थापन झाल्यावर तो नव्या स्वरूपात सुरू झाला.

रविवर्मा व पेस्तनजी : चित्रकाराला काम करताना पाहणे याचे मोल किती असते, हे राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या उमेदवारीवरून कळते. त्रावणकोर दरबारी तैलरंगाचे तंत्र जाणणारे रामस्वामी नायकर यांनी ते या तरुणास शिकविण्याचे नाकारले. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा यूरोपीय चित्रकार राजपरिवाराची व्यक्तिचित्रे रंगविण्यासाठी तेथे आला. त्यानेही रीतसर शिकविले नाही. मात्र आपण रंगवीत असताना पाहण्याची मुभा दिली. तेवढ्या आधारावर रविवर्मांनी रंगमिश्रण व लेपनक्रम यांचा अभ्यास केला व पुढे बडोद्यासह अनेक संस्थानांत राजपरिवारांची व्यक्तिचित्रे काढली. विद्या नाकारली गेली तरी केवळ पाहू दिल्याने एक चित्रकार घडू शकला, हे या घटनेचे मर्म होय.

मुंबईच्या कलाशाळेतील पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) यांना दोन्ही मार्ग उपलब्ध झाले. जॉन ग्रिफिथ्स (१८३७–१९१८) यांच्या नेतृत्वाखाली १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्या कामात पेस्तनजींचा वाटा प्रमुख होता. भिंतीवरील पुसट चेहरे, वळलेल्या माना आणि अर्धोन्मीलित डोळे टिपताना रेषेच्या संयमाचे शिक्षण त्यांना मिळाले. १८७७ च्या दिल्ली दरबाराचे चित्र काढण्यासाठी भारतात आलेला इंग्रज चित्रकार व्हॅलेंटाइन प्रिन्सेप याच्याकडून त्यांनी तैलरंगातील व्यक्तिचित्रणाचे तंत्र आत्मसात केले. पारशी कुटुंबातील वृद्ध स्त्रीपुरुषांची त्यांची चित्रे शांत व आत्मीय भावामुळे उल्लेखनीय ठरली.

कलाशाळेतील पद्धती : आरंभीच्या काळात ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून रेखाटन करण्यावर भर होता. विद्यार्थ्यास छाया, अर्धछाया व प्रकाश यांची शिस्त लागे. परंतु पांढरा व निश्चल पुतळा पाहण्याची सवय झालेली नजर जिवंत त्वचेपुढे गोंधळून जाई. १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी सूत्रे हाती घेतल्यानंतर जिवंत मॉडेलवरील अभ्यासास महत्त्व आले. त्याच संस्थेत १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झालेले म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) पुढे तेथेच अध्यापक झाले. कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे (१९४०) या त्यांच्या आत्मकथनात संस्थेतील शिक्षणाचे व गुरुशिष्य संबंधांचे तपशीलवार चित्र आढळते. गोव्यात जन्मलेले ए. एक्स. त्रिंदाद (१८७०–१९३५) हेही तेथे अध्यापक होते. त्यांच्या चित्रांतील गडद पार्श्वभूमी व चेहऱ्यावर एकवटलेला प्रकाश यांमुळे त्यांची तुलना रेम्ब्रँटशी केली जाई. त्यांची कन्या अँजेला त्रिंदाद (१९०९–८०) हिने वडिलांच्या चित्रशाळेत व कलाशाळेत शिक्षण घेऊनही पुढे स्वतंत्र वळण स्वीकारले. एका वर्गात एकाच मॉडेलभोवती बसलेल्या विद्यार्थ्यांच्या कामांची तुलना हेही या शिक्षणाचे महत्त्वाचे अंग होते; एकच चेहरा वेगवेगळ्या कोनांतून व स्वभावांतून कसा पाहिला जातो, हे सहाध्यायांच्या चित्रफलकांवरून उमगते.

कलाशाळेबाहेरील शिक्षण : सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढून अनेक विद्यार्थी घडविले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) व आनंदराव हे कलाशाळेत न जाता नाटकांचे पडदे रंगवीत चित्रकार झाले. पुढे बाबूरावांच्या सहवासात कोल्हापूरच्या चित्रकारांची एक पिढी घडली. पडद्याच्या कामात आकार मोठा, वेळ थोडा व प्रेक्षक दूर असतो. त्यामुळे तपशिलापूर्वी छायाप्रकाशाचे मोठे पुंज साधावे लागतात, आणि नेमकी हीच दृष्टी व्यक्तिचित्रकारासही लागते. गोपाळ देऊसकर (१९११–९४) यांनी मुंबईनंतर लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिक्षण घेतले. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिरात (१९६८) लावलेली त्यांची बालगंधर्वांची चित्रे संग्रहालयाबाहेर सामान्य प्रेक्षकांसही जवळून पाहता येतात. अलीकडच्या काळात मॉडेल समोर बसवून प्रेक्षकांदेखत व्यक्तिचित्र रंगविण्याची प्रात्यक्षिके महाराष्ट्रात रुजली आहेत. अमेरिकेतील व्यक्तिचित्रकारांच्या संस्थेचा सर्वोच्च पुरस्कार २००६ मध्ये मिळविणारे वासुदेव कामत यांनी अशा प्रात्यक्षिकांतून अनेक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले आहे.

मुद्रित प्रतींचा प्रभाव : रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविलेल्या शिळामुद्रणालयाने चित्रे घरोघरी नेली. विसाव्या शतकाच्या मध्यास दीनानाथ दलाल (१९१६–७१), रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) इ. चित्रकारांच्या दिवाळी अंकांवरील व दिनदर्शिकांवरील चित्रांनी हेच कार्य केले. खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांनी या छापील चेहऱ्यांवरून हात बसविला. याचा लाभ निर्विवाद आहे. तथापि छपाईत चित्राचा मूळ आकार, माध्यम व रंगांची खोली हरपते. हळदणकरांचे समईचा मंद प्रकाश हाताने आडोशाला धरलेल्या स्त्रीचे चित्र हे याचे उत्तम उदाहरण होय. १९४५–४६ च्या सुमारास आपल्या कन्येस बसवून त्यांनी ते जलरंगात रंगविले असून म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते जतन केलेले आहे. छापील प्रतींवरून मात्र अनेकांनी ते तैलचित्र मानले, इतकेच नव्हे तर ते रविवर्मांचे आहे असाही समज पसरला. माध्यम व कर्ता या दोन्ही बाबतींत फसगत करणाऱ्या प्रतीवरून तंत्र शिकणे किती कठीण आहे, हे यावरून स्पष्ट होते.

प्रतीवरून प्रत होत गेल्यास चूकही स्थिर होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून दीर्घकाळ प्रचलित असलेले एक चित्र दुसऱ्याच व्यक्तीचे असल्याचे इतिहास-संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले व महाराजांचे समकालीन चित्र पुढे आणले. तोपर्यंत कितीतरी चित्रकारांनी चुकीच्या चेहऱ्याचीच आवृत्ती केली होती.

चंद्रपूर व गडचिरोली : पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. चंद्रपूर व बल्लारपूर ही शहरे दिल्ली–चेन्नई लोहमार्गावर आहेत. गडचिरोलीच्या मोठ्या वनप्रदेशास मात्र दीर्घकाळ उत्तरेकडील वडसा हेच रेल्वेस्थानक होते. भामरागडसारखे तालुक्याचे ठिकाण जिल्ह्याच्या ठिकाणापासूनच दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. या प्रदेशातील विद्यार्थ्यास चित्रकलेची ओळख प्रामुख्याने शाळेतील चित्रकला-शिक्षकाकडून व राज्य शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांतून होते. १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय चंद्रपूरपासून सु. दीडशे किलोमीटर अंतरावर आहे. मुंबईतील संग्रहालये त्याच्याही पलीकडे आठशे किलोमीटर आहेत. त्यामुळे येथील विद्यार्थ्याची व्यक्तिचित्रणाशी भेट होते ती मुख्यतः प्रतींच्या द्वारे.

तरीही व्यक्तिचित्राची गरज येथे मोठी आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चंद्रपूर येथे अनुयायांना धम्मदीक्षा दिली. त्यांची व बुद्धाची चित्रे या भागातील विहारांत व घरांत श्रद्धेने लावली जातात. डॉ. आंबेडकरांची अनेक छायाचित्रे उपलब्ध असल्याने चित्रकार मूळ पुराव्याकडे वळू शकतो. १८५८ मध्ये चांदा येथे फाशी गेलेले गोंड वीर बाबूराव शेडमाके यांच्या बाबतीत असा आधार नाही. त्यांच्या रूढ चित्रामागे प्रत्यक्ष बैठकीवरून केलेले व्यक्तिचित्र नसल्याने प्रत्येक नवा चित्रकार आधीच्या चित्राकडेच पाहतो. अशा वेळी पूर्वीच्या चित्रकाराचा फेटा व मिशी उचलण्याऐवजी या प्रदेशातील गोंड तरुणांच्या प्रत्यक्ष चेहऱ्यांचा अभ्यास करणे हाच अधिक प्रामाणिक मार्ग ठरतो. झाडीपट्टी रंगभूमी हेही या भागाचे एक बलस्थान होय. वडसा (देसाईगंज) हे तिच्या नाटक कंपन्यांचे केंद्र असून हिवाळ्यात गावोगावी रात्रभर नाटके होतात. रंगभूषा व रंगमंचावरील प्रकाश यांमुळे चेहऱ्याचे रूप कसे पालटते, हे पाहण्याची ती खुली शाळाच आहे.

मूल्यमापन : अनुकृती त्याज्य आहे की ग्राह्य, हा वाद यामुळे अपुरा ठरतो. अनुकृती कशाची, कोणत्या हेतूने व कोणत्या आधारावर केली जाते, हे महत्त्वाचे आहे. भ्रमणध्वनीवरील चलच्चित्रांमुळे चित्रकाराचा हात काम करताना पाहण्याची सोय आता दूरच्या गावीही झाली असून जेन्सनच्या मागे उभ्या राहिलेल्या तरुण रविवर्मांना मिळालेल्या संधीचा काही अंश तरी तीत आहे. मूळ चित्राच्या दर्शनाची उणीव मात्र तीमुळे भरून निघत नाही. याबाबत औंधचे उदाहरण मार्गदर्शक आहे. स्वतः चित्रकार असलेले तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी १९३८ मध्ये सातारा भागातील या लहानशा गावी संग्रहालय उभारले आणि रविवर्मा, धुरंधर इत्यादींच्या मूळ कृतींबरोबरच यूरोपीय नामवंत चित्रांच्या हाताने केलेल्या प्रतीही प्रजेसाठी तेथे ठेवल्या. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या ठिकाणीही चांगल्या चित्रांचा सहवास घडविता येतो, हे त्यावरून सिद्ध झाले. चंद्रपूर वा गडचिरोली येथे काही मोजकी मूळ व्यक्तिचित्रे कायमची पाहावयास मिळाली व त्यांच्यासमोर बसून रेखाटन करण्याची मुभा राहिली, तर तेथील विद्यार्थ्यास प्रतीच्या प्रतीवर विसंबून राहावे लागणार नाही. दुसऱ्याच्या चित्रातून शिकलेले पुन्हा समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर पडताळून पाहणे, हीच व्यक्तिचित्रकाराच्या शिक्षणाची खरी कसोटी होय.